लहान मूल, शनिवार-रविवार आणि दाराशी समुद्र: तुमच्या घरी काय चालतं?

शिंपली
नमस्कार मंडळी. पुण्यातलं बिऱ्हाड हलवून आम्ही रत्नागिरीला परत आलो आहोत. सासर रत्नागिरी शहरात, माहेर भाट्याच्या खाडीपलीकडे. लेक साडेतीन वर्षांची आहे.

धागा काढायचं कारण असं. इथल्या आयांच्या बोलण्यात एक वाक्य सारखं येतं, "रत्नागिरीत मुलांसाठी काही नाही गं." मग रविवारी आंबा घाट चढून कोल्हापूर गाठायचं, मॉलमधल्या खेळघरात मूल तासभर सोडायचं, बाहेर जेवायचं आणि पेंगलेलं मूल मांडीवर घेऊन रात्री घाट उतरायचा. दुसरं टोक म्हणजे पाहुणे आले की गणपतीपुळे, मालगुंड, जयगड, थिबा राजवाडा आणि जमलं तर पावस, सगळं एका दिवसात. त्यात मुलाचे हाल होतात आणि आपलेही.

मला दोन्ही पटत नाही. या वयाच्या मुलांना नवीन जागेची हौस नसते. तीच जागा, तेच झाड, तोच कट्टा त्यांना पुन्हा पुन्हा हवा असतो. आम्ही बहुतेक सुट्टीला भाट्यालाच जातो. ओहोटीच्या वेळी तिथल्या ओल्या वाळूवर बारीक गोळ्यांची नक्षी पडलेली असते, तुम्ही पाहिली असेल. मधोमध करंगळीचं टोक जाईल एवढं बीळ. त्यातून नखाएवढी कुर्ली बाहेर येते, वाळू तोंडाशी नेते, त्यातलं खायचं ते खाते आणि उरलेल्या वाळूची गोळी करून टाकून देते. आपली सावली पडली की गुडुप. लेकीला सांगितलं, अजिबात हलायचं नाही. ती उकिडवी बसून राहिली. नाक गळत होतं तरी पुसलं नाही. कुर्ली परत वर आली तेव्हा तिने दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं, ओरडू नये म्हणून. घरात जेवायलाही एका जागी न बसणारी मुलगी आहे ही.

तर प्रश्न असा, की किनाऱ्यावरच्या गावात राहून तुम्ही लहान मुलांबरोबर सुट्टी कशी घालवता? पर्यटकांची यादी नको, ती सगळ्यांना पाठ आहे. घरची, रोजची रीत सांगा. पावसाळ्यात काय करता तेही लिहा, कारण जून ते सप्टेंबर मला कोडंच पडतं.

नुसती_वाचक
छान धागा. वाचते आहे.

सड्यावरून
शिंपली, मनापासून अनुमोदन. भर एकच घालतो. किनाऱ्यावर जायचं ते घड्याळ बघून नाही, तिथी बघून. आमच्याकडे जुनी माणसं सांगत, तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ निघते. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. सहा तासांनी ओहोटी. अष्टमीला भरती सहाला, सकाळी आणि संध्याकाळी दोन्ही. हा हिशोब मुंबईच्या बाजूला नेमका बसतो. खाली दक्षिणेला यावं तशी भरती थोडी आधी लागते, म्हणून रत्नागिरीत अर्धा-पाऊण तास आधीची वेळ धरावी.

लहान मूल असलेल्या घराला याचा उपयोग काय? चतुर्दशीपासून द्वितीयेपर्यंत, पुनवेची असो की अवसेची, ओहोटी संध्याकाळी येते. उधाणाचे दिवस असल्यामुळे पाणी खूप मागे जातं आणि मोठी थोरली वाळू मोकळी होते. ताईंनी सांगितलेल्या त्या कुर्ल्या, शंखात राहणारे खेकडे, खडकांच्या खळग्यांत अडकलेले मासे, सगळं तेव्हाच दिसतं. अष्टमी-नवमीला संध्याकाळी गेलात तर वाळूची पट्टी अरुंद मिळेल. भांगेची भरती असल्यामुळे पाणी फार चढत नाही, पण मुलाला पळायला जागा उरत नाही. त्या रविवारी आम्ही रत्नदुर्गावर किंवा थिबा पॉइंटला जातो.

शिंपली
हे फार कामाचं आहे! स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर आजच खुणा करते.

लाल_माती
तारकर्लीच्या बाजूचा आहे. थोडा वेगळा सूर लावतो, राग मानू नका.

शनिवार-रविवार मुलाबरोबर घालवायचा हे नोकरदार घराचं गणित आहे. आमचं न्याहारी-निवास आहे, चार खोल्या. शुक्रवारी रात्री पाहुण्यांच्या गाड्या लागायला लागतात त्या रविवारी दुपारपर्यंत. बायको पहाटे उठून घावण्यांचं पीठ बघते, मी बाजारात मासळीला. गावात होडीवाले, खानावळवाले, रिक्षावाले, सगळ्यांच्या घरी हेच. लोकांची सुट्टी आमचा हंगाम आहे आणि त्यावर घर चालतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण माझा मुलगा पाच वर्षांचा आहे आणि इतर मुलांचे बाबा त्यांना पाण्यात नेतात हे तो रोज अंगणातून बघतो. एकदा त्याने विचारलं, "बाबा, आपण पाहुणे कधी होणार?" त्या प्रश्नाने मी हललो.

तेव्हापासून मंगळवार आमचा. संध्याकाळी शाळा सुटली की फोन बायकोच्या भावाकडे, आम्ही तिघं देवबागच्या बाजूला. दीड तास. खोली विचारणारा कोणीही असो, उत्तर बुधवारी. धंद्याचं थोडं नुकसान होतं, होऊ दे.

मीरा_गुहागर
लाल_माती, तुमच्या मुलाचं वाक्य वाचून डोळ्यांत पाणी आलं. आमचं व्याडेश्वराजवळ दुकान आहे, तीच गत. आम्ही सोमवार धरतो.

धक्क्यावरचो_आजो
माका ह्यां सगळां वाचून बरां वाटलां. मी मालवणचो. नातू चार वर्षांचो. ऐतवारी रापण (किनाऱ्यारसून ओढूचां मोठां जाळां) लागली की आमी दोघव सकाळीच किनाऱ्यार. दोन बाजूंक दोर धरून रापण ओढूची लागता, खूप माणसां लागतत. नातू सगळ्यांच्या मागे शेवटाक दोर धरता. त्येचो जोर तो कितीसो! पण एकव रापणकार त्येका बाजूक हो म्हणणा नाय. ओढणाऱ्याक वाटो गावता, तसो त्येका एक बांगडो गावता. तो बांगडो घराकडे येयसर हातातसून सोडणा नाय. आवशीन तळून दिल्याशिवाय जेवणा नाय.
मुलांका कामात घेवा, इतक्यांच सांगणा.

पाचू
आजोबा, किती सुंदर! पण चार वर्षांचा मुलगा बांगडा खातो? काट्यांचं काय करता? आमचा तीन वर्षांचा, त्याला मासे सुरू करायचेत आणि मला भीती वाटते.

धक्क्यावरचो_आजो
आजी काटे काढून, बोटांनी चाचपून घास देता. बांगड्याचे काटे मोठे, हाताक लागतत. पण सुरवात मुडदुशान करा. आमच्याकडे बाळंतिणीक आणि आजाऱ्याक तीच देतत. मऊ, हलकी.

हर्णैचा_राजू
मुडदुशांना +१. सुरमईचा मधला तुकडा घ्या, एकच मोठा काटा असतो. तार्ली मात्र लहान मुलांना नको, बारीक काट्यांनी भरलेली असते. आणि आमच्या हर्णैच्या बंदरावर संध्याकाळचा लिलाव दाखवायला आणा मुलांना. बैलगाडीतून मासळी येताना पाहून माझी भाची दोन दिवस तेच बोलत होती. पायात चप्पल हवी, वाळूत काटे-कल्ले पडलेले असतात. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा काही दिसणार नाही.

चाफेकळी
आम्ही शाकाहारी, म्हणून इथे थोडं अवांतर करते. आमच्या घरी रविवारची न्याहारी शिरवाळे आणि नारळाचा रस. साच्यातून शेवया पाडताना लेकाला दांडा धरायला देते. तो फिरवतो कमी, लोंबकळतो जास्त. पण "मी केलेले शिरवाळे" म्हणून दोन वाट्या खातो. एरवी भाताचा घास तोंडात धरून बसणारं मूल! आजोबांचं "कामात घेवा" आमच्याकडे स्वयंपाकघरातही लागू पडतं.

मीरा_गुहागर
माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. गुहागरचा किनारा घरापासून चालत पाच मिनिटांवर, आणि माझी अडीच वर्षांची मुलगी समुद्राला घाबरते. लाटेचा आवाज आला की कडेवर चढते, मान खांद्यात खुपसते. नातेवाईक म्हणतात, "एकदा पाण्यात बुडवून काढा, भीती जाईल." नवऱ्याचंही थोडं तसंच मत आहे. मला ते करायचं नाही. कोणाचा अनुभव?

अबोली_क
मीराताई, अजिबात बुडवू नका. मी लहान मुलांच्या दवाखान्यात काम करते. भीती बसलेली मुलं रोज बघते. जबरदस्तीने पाण्यात घातलेलं मूल समुद्रालाच नाही, पुढे अंघोळीच्या तांब्यालाही घाबरतं. तिला लाटेपासून लांब, सुरूच्या झाडांत बसू द्या. करवंटीने वाळूचे मुटके पाडा. घरून बादलीत पाणी आणून तिथे खेळा. आपोआप पुढे सरकेल. महिने लागले तरी चालतील.

सड्यावरून
अबोलीताईंना अनुमोदन. शिवाय समुद्राआधी खाडी दाखवा. खाडीच्या काठाला लाटा नसतात, आवाज नसतो. चिखलावर बगळे, खंड्या, कांदळवनाची मुळं, होड्या. माझा मुलगाही आवाजाला घाबरायचा, आम्ही ओहोटीला पाणी लांब गेलेलं असताना न्यायला लागलो. पाणी लांब, आवाजही लांब.

बंदरकर
सगळ्यांचा मान ठेवून लिहितो. आम्ही लहानपणी दिवसभर पाण्यात असायचो, कोणी तिथी पाहिली नाही की भीतीचा विचार केला नाही. विहिरीत कमरेला दोर बांधून उडी मारायला लावायचे, तसेच पोहायला शिकलो. आत्ताची मुलं जपून जपून लेची होत आहेत.

अबोली_क
बंदरकर दादा, तुमच्या विहिरीच्या काठावर किती माणसं असायची ते आठवा. काका, मोठे चुलतभाऊ, शेजारचे, सगळे पट्टीचे पोहणारे. आज किनाऱ्यावर एक आई असते आणि तिच्या एका हातात फोन असतो. तेव्हा मुलांना जपणारी माणसं भोवती होती, म्हणून मुलं मोकळी होती.

विषय निघालाच आहे तर काळजीच्या गोष्टी एकदाच लिहिते.

मूल पाण्यात असताना हाताच्या अंतरावर हवं, आणि आपली पाठ कधीही समुद्राकडे नको. तीन-चार वर्षांच्या मुलाला घोट्याएवढं पाणी भरपूर झालं. गुडघ्याएवढ्या पाण्यातली मागे जाणारी लाट त्याच्या पायाखालची वाळू काढून घेते.

नदी किंवा खाडी समुद्राला मिळते तिथे पाणी शांत दिसतं, म्हणून लोक मुद्दाम मुलांना तिथे उतरवतात. ओहोटी लागली की ते पाणी समुद्राकडे जोरात ओढतं. तिथे नकोच.

हवेच्या ट्यूब, फुगवलेले मासे-बदकं समुद्रात आणू नका. सकाळी मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. ट्यूब हातची सुटली की बघता बघता आत जाते.

पावसाळ्यात वाळूवर निळसर फुगे पडलेले दिसतात. मुलं हमखास उचलायला जातात. ते विषारी असतात आणि मेलेले असले तरी डंख लागतो. लागलाच तर चोळायचं नाही, समुद्राच्याच पाण्याने धुवून लगेच दवाखाना.

बंदरकर
अबोलीताई, भोवतीच्या माणसांचा मुद्दा मान्य. तो मी धरलाच नव्हता. तरी पोहणं शिकवायलाच हवं, यावर मी ठाम आहे. किनाऱ्यावर राहणाऱ्या प्रत्येक मुलाला.

अबोली_क
त्यात दुमत नाहीच. तरणतलावात, शिकवणाऱ्याच्या हाताखाली शिकवा. आणि पोहता आलं तरी समुद्राचे नियम तेच.

चौकस_बाबा
माझी एक व्यथा आहे. आम्ही ज्या किनाऱ्यावर जातो (नाव घेत नाही) तिथे शनिवार-रविवारी वाळूवर गाड्या पळतात. चारचाकी गाड्या पाण्याच्या कडेने, वर ते चार जाड चाकांचे भाड्याचे स्कूटर. ज्या कुर्ल्यांबद्दल शिंपलीताईंनी लिहिलं, त्यांच्या बिळांवरून. माझा मुलगा वाळूचं घर करत होता आणि त्यापासून दोन हातांवरून एक गाडी गेली. आम्ही काही पालकांनी ग्रामपंचायतीत जाऊन सांगितलं, आता वाटेच्या तोंडाशी दगड लावले आहेत. एका घराने सांगून काही झालं नसतं. दहा-पंधरा घरांनी मिळून सांगितल्यावर झालं. तुमच्याकडेही करून बघा.

लाल_माती
चौकस_बाबा, बरं केलंत. एक पर्यटन व्यावसायिक म्हणून सांगतो, आमच्यातल्याही पुष्कळांना ते स्कूटर नको आहेत. शांत किनारा हवा म्हणूनच कुटुंबं पुन्हा येतात.

काजूची_बी
पावसाळ्याबद्दल कोणीच लिहिलं नाही, मी लिहिते. मी राजापूर तालुक्यातली.

पावसात समुद्र सोडून द्यायचा आणि सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर जायचं. ऑगस्ट-सप्टेंबरात कातळावर इंचभर मातीत फुलं येतात, जांभळी सीतेची आसवं, पांढरे गेंद, पिवळी सोनकी. तीन वर्षांचं मूल आणि सीतेची आसवं यांची उंची अशी, की मुलाला वाकावंही फार लागत नाही. सीतेची आसवं किडे खातात हे सांगितलं तेव्हा मुलगा तासभर हलला नाही, फूल किडा कसा खातं ते बघायचं म्हणून. जमिनीखाली बारीक पिशव्या असतात आणि जीव त्यांत अडकतात, हे चित्र काढून दाखवावं लागलं.

पाऊस उघडला की कातळशिल्पं. उक्षीचा हत्ती रत्नागिरीहून जवळ आहे. कशेळीच्या सड्यावर तर सुमारे १८ मीटर लांबीचा हत्ती कोरलेला आहे आणि त्याच्या पोटात इतर प्राणी. २०२२ साली कोकणातली ही शिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. मुलांना आपण काही समजावायला लागत नाही. कडेने चालत हत्तीची सोंड कुठे संपते ते शोधायचं, झालं. चित्रांवर पाय द्यायचा नाही एवढं मात्र पहिल्यापासून शिकवा. माझा मुलगा आता येणाऱ्या-जाणाऱ्या मोठ्या माणसांनाही दटावतो.

धो धो पाऊस असेल त्या रविवारी घरीच. पोफळीच्या विरीवर (गळून पडलेल्या झावळीच्या रुंद बुडावर) बसवून पडवीतून ओढायचं. पागोळ्यांखाली भांडी मांडून कोणाचं आधी भरतं ते बघायचं. आजी टाकळा निवडत असेल तर पानं खुडायला बसवायचं. जुलैत लावणीला चिखलात उतरवा, अंगभर माती लागली की पुढची अंघोळ विनातक्रार.

शिंपली
काजूची_बी, माझे चार महिने सोडवलेत. विरीची गोष्ट मी पार विसरून गेले होते! माहेरी पोफळी आहेत, आजच बाबांना फोन करते. रत्नागिरीकरांसाठी भर घालते. धुवांधार पावसात आम्ही झाडगावच्या मत्स्यालयात जातो, सागरी जीवशास्त्र संशोधन केंद्राचं आहे ते. छोटंसंच आहे. पण देवमाशाचा सांगाडा आहे, त्याच्या फासळ्या मोजायच्या. लेक दरवेळी वेगळा आकडा काढते आणि तो आम्ही मान्य करतो.

पाचू
वेळासला कासवं बघायला न्यावं का तीन वर्षांच्या मुलाला? शाळेतले बरेच पालक जाणार आहेत.

सड्यावरून
सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ साली तिथे ऑलिव्ह रिडलेच्या घरट्यांचं संरक्षण सुरू केलं, गावाने ते मनावर घेतलं, राहण्या-जेवण्याची सोयही गावकऱ्यांच्या घरीच. काम फार मोठं आहे, त्याबद्दल आदरच. पण तीन वर्षांच्या मुलासाठी मी थांबेन. पिल्लं सोडतात सकाळी लवकर आणि संध्याकाळी. अंडी उबून पिल्लं बाहेर यायला दीड-दोन महिने लागतात आणि नेमका दिवस कोणाच्या हातात नसतो. गर्दीत दोरीमागे उभं राहायचं, आणि त्या दिवशी घरट्यातून काही निघालंच नाही तर मुलाला समजावणं अवघड.

हर्णैचा_राजू
मी थोडा असहमत. मुलाला आधीच सांगा की कासव दिसेल किंवा दिसणार नाही. माझ्या भाचीला नाही दिसलं, तिने रिकामी टोपली पाहिली आणि "झोपलीत" म्हणाली. आणि वेळासपर्यंत जायलाच हवं असं नाही. आमच्या आंजर्ल्याला, गुहागरला, रत्नागिरीकरांना गावखडीला घरटी असतात. जवळच्या गावात जा. दिसलं नाही तर पुढच्या रविवारी परत.

पाचू
पटलं. गावखडी आमच्यापासून जवळच आहे.

मुरुडची_वाडी
मुरुड म्हणजे दापोलीचं. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात आमच्या वाडीतले माड-पोफळी आडवे झाले. सासऱ्यांनी लावलेली झाडं, ते कितीतरी दिवस वाडीत पाऊल टाकत नव्हते. नंतर नवीन रोपं लावली. माझा मुलगा त्या वादळानंतर जन्मला. आता रविवारी सकाळी तो आणि त्याचे आजोबा वाडीत. छोटी बादली घेऊन पाटाचं पाणी प्रत्येक माडाला घालतो, प्रत्येकाला नाव ठेवलंय. एका माडाचं नाव "चपाती" का आहे ते त्यालाच माहीत. आजोबा त्याच्या मागून फिरत, "चपातीला पाणी झालं का रे?" असं मोठ्याने विचारतात. समुद्र वाडीला लागून आहे, आम्ही रविवारी तिकडे फिरकतही नाही. हेही सुट्टी घालवणंच आहे, म्हणून लिहिलं.

चाफेकळी
"चपाती" माड! मुरुडची_वाडी, आजोबांना नमस्कार सांगा.

नुसती_वाचक
आजवर नुसतं वाचायचे, आज लिहिते. माझे आई-बाबा जयगडला, आम्ही ठाण्याला. महिन्यातून एकदा मुलाला घेऊन येतो. तवसाळची फेरीबोट हाच त्याचा सगळा आनंद. बोटीत गाड्या चढतात, मागचा पूल वर होतो, मग बोट हलते. पलीकडे उतरायचं, भजी खायची आणि त्याच बोटीने परत. पलीकडे आम्हाला काहीच काम नसतं. नवऱ्याला हे आधी विचित्र वाटायचं, आता तोच वेळ बघून निघतो. शिंपली, तुमचं "तीच जागा पुन्हा पुन्हा" अगदी खरं आहे.

मीरा_गुहागर
इथे सांगायला आले. अबोलीताईंचं आणि सड्यावरूनचं ऐकून आम्ही ओहोटीला गेलो, सुरूच्या बनात बसलो. बादलीत घरचं पाणी. मुलगी तासाभराने स्वतः उठून ओल्या वाळूपर्यंत गेली, पायाचा ठसा उठलेला पाहिला आणि मागे वळून मला ओरडून सांगितलं. लाटेपर्यंत गेली नाही. मी पण नेली नाही. नवराही आता बुडवायचं बोलत नाही, तोच बादली धरून असतो.

अबोली_क
मीराताई, फार छान. हीच गती राहू दे.

शिंपली
सगळ्यांचे मनापासून आभार. मूळ प्रश्नाकडे परत येते, कारण इतकं वाचल्यावर मला एक वाटलं. "मुलांसाठी काही नाही" म्हणणाऱ्या माझ्या मैत्रिणी खोटं बोलत नाहीत. त्यांची मुलं एकेकटी आहेत. घरात भावंडं नाहीत, शेजारी फ्लॅटचं दार बंद. मॉलमध्ये त्या जातात कारण तिथे दुसरी मुलं असतात. रापणीचा दोर, आजोबांची वाडी, चौकस_बाबांची दहा-पंधरा घरं, सगळीकडे माणसं आहेत. किनारा आपल्याकडे आहेच, मुलं एकत्र आणायचं काम आपल्याला करावं लागेल.

म्हणून ठरवलंय. येत्या रविवारी चतुर्दशी आहे. सड्यावरून यांच्या हिशोबाने चौदा पाऊणे साडेदहाला भरती, म्हणजे साडेचारच्या आसपास ओहोटी, आपल्याकडे थोडी आधीच. साडेचार ते सहा, भाट्ये, सुरूच्या बनाच्या बाजूला, खाडीच्या मुखापासून लांब. रत्नागिरीत किंवा जवळपास असाल तर मुलांना घेऊन या. ओळख लागत नाही. मैत्रिणींना मी सांगितलंय, दोघी येते म्हणाल्या आहेत.

सड्यावरून
आम्ही तिघं नक्की. खडकाकडच्या खळग्यांतले मासे मी दाखवीन, हात न लावता बघायचे एवढी अट.

पाचू
आम्हीही. मुलाला दुपारी झोपवून आणते, नाहीतर चारलाच किरकिर सुरू होईल.

लाल_माती
रविवार म्हणजे जमणार नाही. असंच एखाद्या मंगळवारी मालवणच्या बाजूला ठरवू या का? आजोबा, चिवल्याला येणार का नातवाला घेऊन?

धक्क्यावरचो_आजो
येतलव. मंगळवारी दुपारी ओहोटी कधी आसा ता आदी बघून सांगा.

शिंपली
रत्नागिरीकरांनो, वाळूची प्लास्टिकची खेळणी आणू नका, भांडणं होतात. माझ्याकडे पोतंभर करवंट्या आहेत. मुलांना टोपी, पाण्याची बाटली आणि कपड्यांचा एक जास्तीचा जोड. आणि खाऊ आणलात तर सगळ्यांना पुरेल एवढा आणा. मी आंबोळ्या करते आहे.